बौद्धिक संपदेचा परदेशातील वाद : कोल्हापुरातून काम कसे चालवावे

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडा या इटालियन ब्रँडच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेशी उघड साम्य असलेली पादत्राणे दिसली, आणि परदेशातील कंपनीवर दावा लावता येईल का, हा प्रश्न कोल्हापूरच्या चप्पल लाईनपासून न्यायालयाच्या आवारापर्यंत सर्वत्र विचारला जाऊ लागला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे असे पक्षकार आता थेट मुंबई-दिल्लीच्या वकिलांकडे न जाता स्थानिक वकिलांकडेच पहिला सल्ला मागू लागतील. अशा प्रकरणात परदेशी वकिलांबरोबर काम कसे उभे करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे ठाम मत असे आहे की परदेशात प्रकरण कोणीही चालवो, त्याची संचिका कोल्हापुरातच तयार झाली पाहिजे, कारण वस्तुस्थिती माहीत असलेली माणसे येथे आहेत.

प्रथम हक्कांचा तक्ता करावा

बौद्धिक संपदेचा हक्क सामान्यतः देशाच्या हद्दीबरोबर संपतो. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाचा हक्क; त्याची चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातील नोंद इटलीत किंवा अमेरिकेत आपोआप लागू होत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदाविषयक कराराने सदस्य देशांवर भौगोलिक मानांकनांना संरक्षण देण्याचे बंधन घातले असले, तरी ते कोणत्या मार्गाने द्यायचे हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो, आणि त्या करारातील अधिक कडक संरक्षण केवळ वाइन व मद्यांसाठी आहे. लिस्बन कराराच्या जिनिव्हा अधिनियमाचा भारत सदस्य नाही, त्यामुळे एका अर्जावर अनेक देशांत मानांकनाची नोंद करण्याचा तो मार्गही आपल्याला उपलब्ध नाही. व्यापारचिन्हासाठी मात्र एका अर्जावर अनेक देशांत नोंद मागण्याचा माद्रिद प्रोटोकॉलचा मार्ग भारताला ८ जुलै २०१३ पासून खुला आहे.

म्हणून परदेशी वकिलाला पहिले पत्र लिहिण्यापूर्वी एका कागदावर देशवार तक्ता करावा : तेथे कोणता हक्क आहे, तो कोणाच्या नावावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि त्याची मुदत कधी संपते. एखाद्या देशाचा रकाना कोरा राहिला, तर तो कोराच दिसू द्यावा. तेथे दाव्याऐवजी आधी नोंदणीचा अर्ज करावा लागेल, ही त्या कागदाने दिलेली सर्वांत उपयुक्त माहिती असते.

या तक्त्यात नाव आणि आकार हे दोन विषय वेगळे ठेवावेत. भौगोलिक मानांकन प्रामुख्याने नावाचे संरक्षण करते. चपलेचा घाट, तिचे कान किंवा तिची वेणी यांवर त्या नोंदणीने आपोआप मक्तेदारी मिळत नाही. आपल्या १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २२ मध्ये मालाच्या सादरीकरणातून उगमाविषयी दिशाभूल होण्याचा उल्लेख आहे, पण नाव न वापरता केवळ आकार घेतला असेल तर ते पुरेसे ठरेल का, हा युक्तिवादाचा मुद्दा राहतो. त्यामुळे परदेशी वकील बहुधा पहिला प्रश्न असा विचारतो की, त्या वस्तूच्या लेबलवर, संकेतस्थळावर आणि जाहिरातीत नेमके कोणते शब्द होते. त्याचे उत्तर आपल्याकडे छायाचित्रासह तयार असावे.

युरोपपुरती एक नवी वाट उघडली आहे. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनांसाठी युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेला नियम (क्रमांक २०२३/२४११) १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला असून, संघाबाहेरील देशांतील उत्पादकांना स्पेनमधील आलिकान्ते येथील युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयात थेट अर्ज करता येतो. मूळ देशात मानांकन संरक्षित असल्याचा पुरावा त्यासोबत द्यावा लागतो. नोंदणी झाल्यावर नावाच्या थेट वापराबरोबरच त्याची नक्कल करणे आणि ग्राहकाच्या मनात त्या नावाची आठवण जागवणे, यांविरुद्धही संरक्षण मिळते. माझ्या मते चपलेच्या बाबतीत परदेशी वकिलांचे सहकार्य सर्वप्रथम याच कामासाठी घ्यावे.

दावा कोणाच्या नावाने, हे आधी ठरवावे

कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्याकडे संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नोंदणीकृत मालक म्हणून महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणजे लिडकॉम आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ म्हणजे लिडकर यांची नोंद आहे. प्राडाविरुद्ध दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हा मानांकनाचे मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात हाच मुद्दा पुढे आला होता. त्यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. परदेशी वकिलाला सूचना देण्याचा अधिकार दोन्ही महामंडळांच्या लेखी ठरावाने घ्यावा, आणि अंतिम शब्द कोणाचा राहील हेही त्या ठरावात नमूद करावे.

त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाबरोबर अधिकृत वापरकर्त्यालाही, म्हणजे मानांकन वापरणारा म्हणून नोंद झालेल्या उत्पादकालाही आहे, आणि कलम ६६ नुसार दावा लावणारा जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही दावा चालू शकतो. म्हणजे भारतात विक्री होत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्या कारागिराला कोल्हापूर जिल्हा न्यायालयाचे दार उघडे आहे. त्यामुळे आपल्या पक्षकाराची ती नोंद झाली आहे का, हे पहिल्याच भेटीत तपासावे आणि नसेल तर अर्ज लगेच करावा. वाणिज्यिक न्यायालय कायद्यातील कलम १२अ प्रमाणे तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, हेही परदेशी सहकाऱ्याला लेखी कळवावे, अन्यथा भारतातील दाव्याला उशीर का होत आहे हे त्याला समजत नाही.

संचिका : सर्वाधिक वेळ येथे द्यावा

परदेशी न्यायाधीशाने कापशी किंवा कुरुंदवाडी या प्रकारची कोल्हापुरी चप्पल पाहिलेली नसते. त्यामुळे वस्तूचे वर्णन असे करावे की केवळ वाचून ती डोळ्यांसमोर उभी राहील : कातडे कोणते, बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कसे कमावले जाते, तळ कसा शिवला जातो, कान, अंगठा, पट्टा आणि वेणी यांची जागा कोठे असते. सुट्या भागांना क्रमांक दिलेले एक मोठे छायाचित्र जोडावे आणि पुढील सर्व पत्रव्यवहारात तेच क्रमांक वापरावेत. हे वर्णन कारागिराला मराठीत वाचून दाखवून त्याची संमती घेतल्याशिवाय पाठवू नये. उलटतपासणीत एका चुकीच्या तपशिलाने संपूर्ण वर्णनावर संशय येतो.

इतिहासाच्या पुराव्याचे मोल किती असते, हे हळदीच्या प्रकरणावरून दिसते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, ते पूर्वी प्रकाशित झालेल्या लिखित संदर्भांच्या आधारावर. निंबोळीवरील युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. त्यात भारतात आधीपासून तेच काम करणाऱ्या एका उत्पादकाची साक्ष महत्त्वाची ठरली. आपल्याकडे संस्थानकाळातील कागद, जुने व्यापारी हिशेब, प्रदर्शनांची पत्रके असे साहित्य सापडू शकते. मोडीतील कागद असेल तर मूळ प्रत, देवनागरी लिप्यंतर, भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र या चारही गोष्टी एकत्र बांधाव्यात. वयोवृद्ध कारागिरांच्या साक्षी मात्र कागदाची वाट न पाहता लवकर नोंदवून घ्याव्यात.

संकेतस्थळावरील पुरावा घेताना पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे चित्र जतन करावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र त्याच दिवशी करून ठेवावे. परदेशी न्यायालयासाठी हे प्रमाणपत्र पुरेसे नसते, म्हणून तेथील वकिलाला त्याच्या पद्धतीने स्वतंत्र नोंद करायला सांगावे आणि वादातील वस्तूची पावतीसह खरेदीही त्याच्यामार्फत त्याच देशात करावी. कुलमुखत्यारपत्र आणि सार्वजनिक दस्तऐवजांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, घ्यावे. त्या आधी राज्य पातळीवरील पडताळणीत वेळ जातो, हे धरून चालावे.

परदेशी वकिलाशी करार

सोपवण्याच्या पत्रात पाच-सहा गोष्टी नसतील तर नंतर कटुता येते : हितसंबंधांचा संघर्ष तपासल्याची लेखी हमी, खरा अशील कोण, शुल्क तासावर की टप्प्यावर, वरिष्ठाऐवजी काम कोण करणार, मसुदा किती दिवस आधी दाखवणार आणि गोपनीयता. मोठ्या ब्रँडची कामे युरोपातील अनेक कार्यालये करत असतात, त्यामुळे संघर्षाची तपासणी पूर्ण होईपर्यंत नावे आणि देश यांपलीकडे काहीही कळवू नये. वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून कोणती टिपणे लेखी करायची हेही त्या वकिलाला आरंभीच विचारावे.

मुदतींबाबत आपल्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. म्युनिकच्या न्यायालयांत उल्लंघन कळल्यापासून सुमारे एक महिन्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज केला नाही तर निकडच उरली नाही असे मानले जाते. म्हणून उल्लंघन प्रथम कोणाला, कधी कळले याची प्रामाणिक नोंद ठेवून ती पहिल्याच पत्रात द्यावी. ब्रिटनमध्ये पेटंट, व्यापारचिन्ह किंवा डिझाइनच्या नावाने निराधार धमकीची नोटीस दिली तर ती देणाऱ्यावरच दावा होऊ शकतो. येथून रागाच्या भरात पाठवलेली नोटीस तेथील वकिलाचे काम अवघड करते, त्यामुळे परदेशी पत्त्यावर जाणारे प्रत्येक पत्र आधी त्याच्या नजरेखालून जाऊ द्यावे.

भारतात परदेशी वकिलाने काय करावे याचीही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात परदेशी वकिलांना येथे वकिली करता येणार नाही, मात्र परदेशी कायद्यावर सल्ला देण्यासाठी प्रसंगोपात येता-जाता येईल, असे म्हटले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यानंतर केलेले नोंदणीचे नियम त्याला भेटीला बोलावण्यापूर्वी पाहावेत.

समन्स आणि पुरावा मागवणे

इटली, जर्मनी यांसारख्या देशांतील प्रतिवादीवर समन्स बजावायचे तर ते १९६५ च्या हेग कराराप्रमाणे, भाषांतरासह, त्या देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणामार्फत जाते आणि त्यास काही महिने लागू शकतात. उलट बाजूने, भारताने टपालाने बजावणीस हरकत नोंदवलेली असल्यामुळे परदेशातून थेट कुरिअरने आलेले समन्स पक्षकाराने स्वीकारण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. प्रतिस्पर्ध्याची कागदपत्रे अमेरिकेत असतील तर तेथील संघराज्य कायद्याच्या कलम १७८२ खाली, भारतातील न्यायालयीन कामासाठी ती मागण्याचा अर्ज अमेरिकी वकील करू शकतो. हा मार्ग आपल्याकडे फारसा वापरला जात नाही, पण तो विचारून पाहण्यासारखा आहे.

फाउंड्रीचे प्रकरण वेगळे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) परदेशी ग्राहकाशी नकाशे, पॅटर्न किंवा गोपनीय माहितीवरून वाद झाला, तर तेथे मुख्य आधार करार असतो. मूळ हक्काच्या वैधतेचा प्रश्न लवादापुढे नेणे कठीण असले तरी करारातून उद्भवलेले वाद लवादाला सोपवता येतात. म्हणून निर्यातदाराला सही करण्यापूर्वीच लवादाचे ठिकाण, भाषा आणि लागू कायदा ठरवायला सांगावे. परदेशी लवादांचे निवाडे मान्य करण्याविषयीच्या न्यूयॉर्क कराराखाली भारत केवळ राजपत्रात अधिसूचित देशांतील निवाडे अमलात आणतो, त्यामुळे ठिकाण त्या यादीत आहे याची खात्री करावी. न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे तसे नाही. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात अशा अधिसूचित प्रदेशांतील हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट करता येते, तर अमेरिका किंवा इटलीतील हुकूमनाम्यावर येथे नव्याने दावा लावावा लागतो.

तडजोड

पुष्कळ वादांत तडजोड हाच कारागिराच्या हिताचा मार्ग असतो. चपलेच्या प्रकरणातही डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा आणि दोन्ही महामंडळे यांच्यात महाराष्ट्र व कर्नाटकात पादत्राणे बनवून घेण्याविषयी सामंजस्य करार झाला. अशा वाटाघाटींसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे १९९४ पासून जिनिव्हात चालणारे, आता सिंगापुरातही कार्यालय असलेले लवाद व मध्यस्थी केंद्र उपयोगी आहे. मात्र मध्यस्थीच्या सिंगापूर करारावर भारताने २०१९ मध्ये सही केली असली तरी अद्याप अनुसमर्थन केलेले नाही, त्यामुळे परदेशात झालेल्या तडजोडीची येथे थेट अंमलबजावणी होत नाही. यासाठी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी लवाद आधी सुरू करावा, तो मध्यस्थीसाठी थांबवावा आणि तडजोड झाल्यावर ती संमतीचा निवाडा म्हणून नोंदवून घ्यावी. वाद मिटल्यानंतर लवाद नेमला तर मिटलेल्या वादावर निवाडा कसा, अशी हरकत येऊ शकते.

मसुद्यात नावाच्या वापराची पद्धत, उगमाचा उल्लेख, प्रति जोड मोबदला, हिशेब तपासण्याचा अधिकार आणि करार संपल्यावर उरलेल्या मालाचे काय, ही कलमे स्पष्ट असावीत. मोबदला महामंडळाकडे आल्यावर तो कारागिरापर्यंत कोणत्या मुदतीत पोहोचेल हे परदेशी वकील विचारणार नाही. ते कलम कोल्हापूरच्या वकिलानेच घालावे, आणि सहीपूर्वी संपूर्ण मसुदा मराठी व कन्नडमध्ये कारागिरांच्या प्रतिनिधींना वाचून दाखवून त्यांच्या हरकती लेखी नोंदवाव्यात.