कोकणातल्या घरात उघड्या फळ्यांवर धूळ कमी कशी बसेल

उघडी मांडणी दिसायला छानच, हवं ते पटकन हाताला लागतं, पण कोकणपट्टीत राहणाऱ्यांना माहितीये की काल पुसलेल्या फळीवर आज बोट फिरवलं तरी रेघ उठते. आणि आपल्याकडची धूळ फुंकर मारली की उडून जाणारी नाही, ती चिकटून बसते. कारण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच फळीवरही होत असतं. त्यात फोडणीची तेलकट वाफ मिसळली की झाला मेणचट थर. म्हणून नुसतं फडक्याने झटकून काही होत नाही, उलट ती धूळ वरच्या फळीवरून खालच्या फळीवर जाते एवढंच.

आधी धूळ येते कुठून ते बघा, कारण प्रत्येक घराचं वेगळं असतं. घर चिऱ्याचं, म्हणजे लाल जांभ्या दगडाचं असेल आणि आतून गिलावा नसेल तर भिंतीवर तळवा घासून बघा, लाल झाला तर तुमची मांडणी रोज त्या भिंतीचीच पूड झेलतेय. अशा ठिकाणी निदान मांडणीच्या मागच्या भागाला तरी गिलावा करून रंग द्या, किंवा चिरा दिसायला हवाच असेल तर त्यावर दगडाला लावायचा पारदर्शक कोट मारून घ्या, आणि फळी भिंतीला अगदी चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा म्हणजे मागे फडकं जातं आणि पावसाळ्यात ओलही धरत नाही. कौलारू घरात धूळ वरून येते, कौलांच्या फटीतून वाऱ्याबरोबर माती, वाळकी पानं, पालीची घाण, सगळं. खाली लाकडी पटई किंवा सीलिंग असेल तर प्रश्न बराच सुटतो, नसेल तर निदान मांडणीच्या सगळ्यात वर एक रुंद रिकामी फळी ठोका, तिच्यावर काहीही ठेवायचं नाही, वरचं सगळं तिने झेलायचं आणि आपण ती एकच पुसायची.

एक गोष्ट मात्र नीट बघा. फळीच्या खाली किंवा डब्यामागे पिवळसर, पिठासारखी बारीक भुकटी छोट्या ढिगाने पडलेली दिसली तर ती बाहेरची धूळ नव्हे, लाकडाला किडा लागलाय. टॉर्च मारून बघा, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतील. ती भुकटी कितीही पुसली तरी परत पडणारच. फळी काढून अंगणात न्या, हार्डवेअरच्या दुकानात लाकडाला लावायचं कीडनाशक मिळतं ते हातमोजे घालून भोकांमध्ये सोडा, पूर्ण वाळलं की मेणाने भोकं बुजवा आणि मगच फळी परत लावा. धान्याच्या किंवा मसाल्याच्या डब्यांची फळी असेल तर मी म्हणेन सरळ बदला, कडप्प्याची करा, त्याला किडाही नाही आणि पुसायलाही सोपा.

बाहेरून येणारी धूळ दारात आणि अंगणातच थांबवायची. आपल्याकडे अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायची पद्धत आहे ती फार शहाणपणाची आहे, मार्च ते मे महिन्यात तर ती सोडूच नका, कोरडं अंगण खराट्याने झाडलं की लाल माती थेट घरात येते. चपला पडवीत काढायच्या, दारात सुंभाचं पायपुसणं ठेवायचं आणि ते रोज बाहेर नेऊन आपटायचं. घर रस्त्याला लागून असेल, मुंबई-गोवा हायवेजवळच्या लोकांना तर सांगायलाच नको, तर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आतून तगर किंवा जास्वंदीची दाट रांग लावा, पानांवर बरीच धूळ अडते. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या दुपारच्या वाऱ्याच्या वेळी बंद ठेवून दुसऱ्या बाजूच्या उघडा. आणि खिडक्यांची डासांची जाळी, ती कोणी धूतच नाही, तिच्यात साचलेली धूळ जोराचा वारा आला की आतच येते.

घरातली धूळ म्हणजे बरीचशी कपड्यांची तुसं आणि केर. गोधड्या, चादरी खोलीत झटकायच्या नाहीत, बाहेर. पंख्याची पाती पुसायला जुना उशीचा अभ्रा घ्या, पात्यावर चढवा आणि दाबून ओढा, धूळ आतच राहते, खाली मांडणीवर पडत नाही.

आता पुसायची रीत, इथेच बऱ्याच जणांचं गणित चुकतं. आधी केर काढा, मग पंखा बंद करून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण माणसाच्या उंचीवरून खाली बसायला आठ-दहा मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा तर बारा-तेरा तास, म्हणजे केर काढल्या काढल्या फळी पुसली की लगेच परत धूळ बसणारच. थांबल्यावर वरच्या फळीपासून सुरुवात करा. जुन्या सुती बनियनचं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये, आणि एकाच दिशेने ओढत पुसा, मागे-पुढे घासू नका, घडी मळली की उलटी करा. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, ही पायरी कोकणात गाळायचीच नाही कारण ओल राहिली की पुढची धूळ तिथेच चिकटते आणि पावसाळ्यात बुरशी येते. लादी सगळ्यात शेवटी पुसायची. गॅसजवळच्या फळीला मात्र नुसतं पाणी पुरत नाही, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, त्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्या.

फळीवर वर्तमानपत्र घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कागद ओल धरतो आणि त्याखाली झुरळं, कसर होते, त्यापेक्षा पुसता येणारं जाड प्लास्टिक बरं. छोट्या बाटल्या सुट्या न मांडता एका स्टीलच्या ताटात ठेवा, पुसताना ताट उचललं की झालं. रोज न लागणारी भांडी पालथी ठेवा. पुस्तकं फळीच्या पुढच्या कडेशी सारखी लावा म्हणजे पुढे धूळ बसायला जागाच राहत नाही, मागे थोडी हवा खेळू द्या. आणि वर्षातून एक-दोनदाच वापरायच्या वस्तू, समया, पितळी डबे, मोठी पातेली, हे उघड्यावर ठेवूच नका, कापडात गुंडाळून बंद कपाटात किंवा माळ्यावरच्या पेटीत टाका, गणपतीच्या आधी काढली की पुरे.