ओम्नीचं हेड बदलायचंय? आधी एक्झॉस्टचे नट बघा

मारुती ओम्नीचं 796 सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन शिकाऊ मेकॅनिकसाठी फार चांगलं. पुढच्या सीट उचलल्या की हाताशी येतं, हेडही (सिलिंडरवरचं झाकण) एकच. हेडचे बोल्ट सहसा त्रास देत नाहीत. दिवस खातात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडला जोडलेला धूर बाहेर नेणारा पाइप) नट. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, म्हणजे आता कामाला येणारी प्रत्येक गाडी जुनीच. त्यातून ती कोकणातली, खाऱ्या हवेतली असेल तर गंजाखाली नटाचे कोनसुद्धा दिसत नाहीत.

म्हणून आदल्या संध्याकाळीच सुरुवात करा. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारा, तासाभराने पुन्हा मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी सहा कोनांचा 12 मिमीचा सॉकेट घ्या. बारा कोनांचा झिजलेल्या नटावर घसरतो आणि नट गोल करतो. आधी नट किंचित आवळा, गंजाची पकड तिथे मोडते. मग पाव आटा सोडा, परत आवळा, पुन्हा सोडा. नट करकरायला लागला की थांबून तेल मारा. पान्याला पाइप लावून जोर केलात तर 8 मिमीचा स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) पीळ खाऊन तुटणारच.

तरी हलत नसेल तर गॅसने फक्त नट तापवा, स्टड नाही. नट फुगतो, गंज फुटतो. त्याआधी बॅटरीची तार काढा, पेट्रोलचे पाइप बंद करून बाजूला घ्या, अग्निशामक जवळ ठेवा. एलपीजीची गाडी असेल तर टाकी गाडीत असताना ज्योत पेटवूच नका. तिथे नट छिन्नीने फोडा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ते 660 अंशांच्या आतच वितळू लागतं आणि लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून ज्योत हेडवर रेंगाळू देऊ नका.

स्टड तुटलाच तर घाबरू नका, हेड उतरवायचंच आहे. थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा आणि निवल्यावर हळूहळू फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा. आधी 3 मिमी, मग 5, शेवटी 6.8 मिमीचं ड्रिल, आणि 8 बाय 1.25 चा टॅप. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, कारण पलीकडे पाण्याची वाट असू शकते. इझी-आउट (तुटका स्टड आतून धरून उलटा फिरवायचा दांडा) नवख्याने टाळावा हे आमचं स्पष्ट मत. तो आत तुटला तर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला लागत नाही. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा.

हेड मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडा, गरम सोडलं की वाकतं. टायमिंगच्या (क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळवा, पाणी काढा, बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत ढिले करा. नवं किंवा भंगारातलं हेड आणलंत तर जुन्याशेजारी ठेवून पोर्ट, स्टड, सेन्सरची भोकं एकेक जुळवा. पट्टी आणि फीलर गेजने सपाटी तपासा: 0.05 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेस कटिंग (मशीनवर घासून सपाट करणं). जुनं हेड विकत घेण्याआधी प्रेशर टेस्ट हवीच. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

आता जिथे सर्वांत जास्त चुका होतात ते. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, टॉर्क (आवळण्याचा पीळ) खोटा येतो, ब्लॉक तडकूही शकतो. गॅस्केट कोरडंच बसवा, सिलंट नको. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा: 20, मग 40, शेवटी 55 ते 60 न्यूटन-मीटर. टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, बेल्ट चुकलाय.

मॅनिफोल्डला नवे स्टड, नवं गॅस्केट आणि पितळी नट वापरा. पितळ गंजून स्टडला चिकटत नाही. टॉर्क 18 ते 23 न्यूटन-मीटर. आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावलंत तर खालचा आकडा धरा, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो.

इंजिन ऑइल बदला, हेड काढताना त्यात पाणी उतरतंच. बोअरवेलचं पाणी नको, कूलंट भरा. गाडी एकदा गरम होऊन पूर्ण निवली की मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासा. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज आला आणि गॅस्केटच्या कडेला काळी काजळी दिसली, तर तिथला नट सैल आहे किंवा मॅनिफोल्डचा फेस वाकलाय.