संस्थेची पन्नाशी आली? आधी कपाट उघडा

विज्ञान मंडळाला पन्नास वर्षं होणार म्हटलं, की कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत दोन विषय निघतात: उद्घाटनाला कोणाला बोलवायचं आणि जेवणात काय ठेवायचं. आमच्या नागपूरच्या मंडळातही तेच झालं. मी कोषाध्यक्ष, त्यामुळे खर्चाचं निमित्त करून मध्ये बोलता आलं. जुने सभासद माळ्यावरच्या पेट्या खाली काढतात ते याच एका वर्षी. पंचावन्नाव्या वर्षी कोणी काढत नाही. म्हणून समारंभाच्या वर्ष-दीड वर्ष आधी कपाट उघडा, पाहुण्यांचं नंतर बघू.

आधी वाढदिवस कोणता ते ठरवा. हसू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची तारीख एक असते, १९५० च्या विश्वस्त कायद्याखालची दुसरी आणि इतिवृत्तातल्या पहिल्या सभेची तिसरी. माझं मत पहिल्या सभेला. पण जी धराल ती ठराव करून लिहून ठेवा, नाहीतर ऐन प्रास्ताविकात एखादे ज्येष्ठ सभासद उठून उभे राहतात.

इतिवृत्ताच्या वह्यांत गंजलेल्या टाचण्या असतात. त्या ओढल्या की कागद टाचणीबरोबर येतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि मग हळूच काढा. कसर मऊ ब्रशने झटका. फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा. मागे नावं लिहायची ती पेन्सिलनेच, बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. नावं कळण्यासाठी ग्रुप फोटो मोठे छापून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि जुन्या मंडळींना चहाला बोलवा. मागच्या रांगेतला चष्मेवाला कोण, यावर अर्धा तास वाद होतो. होऊ द्या, आणि कोणाला तरी वही-पेन घेऊन बाजूला बसवा. ग्रहणाच्या वेळी दुर्बीण कोणाच्या स्कूटरवरून आली, हे इतिवृत्तात कधीच नसतं.

ज्येष्ठांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या असतील तर एप्रिल-मे सोडा. नागपुरात तेव्हा कूलर बंद करा म्हणणं म्हणजे यजमानाचा छळ, आणि चालू ठेवला तर पुढे ऐकायला फक्त कूलर.

समारंभाची तारीख कॅलेंडरपेक्षा शहर बघून ठरवा. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की हॉटेलं आणि टॅक्स्या गेल्याच समजा. २८ फेब्रुवारीचा, विज्ञान दिनाचा, मोह सगळ्यांना होतो. ज्यांच्या शोधासाठी हा दिवस पाळतात ते सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास अर्थखात्याच्या नोकरीत नागपुरातच होते, म्हणून आपल्याला जरा जास्तच. पण त्या दिवशी प्रत्येक वक्ता कुठेतरी आधीच बांधलेला असतो आणि बारावीची परीक्षा डोक्यावर असते. आम्ही जानेवारीचा तिसरा रविवार धरला. स्वेटर लागतो, मांडवाला पंखे लागत नाहीत.

वक्ते मुंबई-पुण्याहूनच आणले पाहिजेत हा आपला जुना न्यूनगंड. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून इथे आहे, कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर आहे, मृदा सर्वेक्षणवाले अमरावती रोडवर. तिथला माणूस विमानाचं तिकीट मागत नाही आणि प्रश्नोत्तरांना थांबतो. मंत्री बोलवायचेच असतील तर त्यांच्यावाचूनही कार्यक्रम सुरू होईल असा बेत ठेवा. एका कार्यक्रमात शाळेची पोरं पाहुण्यांची वाट पाहत उपाशी बसलेली मी पाहिली आहेत.

सकाळी भाषणांऐवजी फेरी काढा. नागपूर दख्खनच्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाच्या, पूर्व कडेवर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि पूर्वेला गेलं की त्याहून फार जुने खडक लागतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या रेव्हरंड हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात टाकळी भागातून जीवाश्म गोळा केले होते. कॉलेजसमोरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं? फेरीनंतर तर्री पोहा, आणि तर्री वेगळ्या भांड्यात, कारण बाहेरगावच्यांना तिखटाचा अंदाज नसतो. मग सभागृहात एकच व्याख्यान आणि जुन्या फोटोंचं प्रदर्शन. सत्कार एकत्रितच, प्रत्येकाला वेगळं शाल-श्रीफळ द्यायला लागलात तर दुपार त्यातच जाते.

स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करताना सभासदांवर कोटा लादू नका, चिडतात. मजकूर समारंभाच्या दोन महिने आधी बंद. अध्यक्षांचं मनोगत सगळ्यात उशिरा येतं, त्यांना तारीख पंधरा दिवस अलीकडची सांगा. शंभर प्रती कमी छापल्या तरी चालेल, पण पीडीएफ नीट जपा आणि छापील प्रती शहरातल्या दोन-तीन ग्रंथालयांत पोच घेऊन द्या.

पैशाचं एवढंच: समारंभाचं खातं वेगळं ठेवा. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेक मागा. पावतीवर पॅन लिहून घ्या, आणि तो तिथल्या तिथेच. मार्चअखेर पॅनसाठी फोन केला की माणसं म्हणतात, "हो ताई, पाठवतो," आणि पाठवत नाहीत.