रिसर्च पेपर चार-पाच जणांचा असेल तर नावांचं आधीच ठरवून टाका

पेपर लिहून होतो, जर्नल ठरतं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर कोणीतरी विचारतं की नावं कुठल्या क्रमाने टाकायची. तोवर प्रत्येकाने मनातल्या मनात आपला नंबर लावलेला असतो आणि मग जी खेचाखेची होते त्यात चांगली टीम तुटते. म्हणून हे बोलणं डेटा गोळा व्हायच्या आधी करा, आणि तोंडी नको, लिहून.

समजा तीन कॉलेजं मिळून एका तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते बघताय. दोन गाईड, दोन पीएचडीची मुलं, स्टॅटिस्टिक्सच्या एक मॅडम, एक लॅब असिस्टंट. पहिल्या मीटिंगलाच एक शीट उघडा, वर नावं, बाजूला कामं. कामांची यादी स्वतः बनवत बसू नका, क्रेडिट नावाची 14 भूमिकांची तयार यादी आहे (कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, ॲनालिसिस कोणाचं, पहिला ड्राफ्ट कोणाचा वगैरे) आणि बरीच जर्नल्स सबमिशनला तीच मागतात. पण तिथे नावापुढे टिक आली म्हणजे माणूस लेखक झाला असं नाही, ते वेगळं ठरवावं लागतं.

त्यासाठी आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, तिच्या चार अटी बघा. मुळात मेडिकल जर्नल्ससाठी आहेत पण बाकीच्यांनाही उपयोगी पडतात. कामात भरीव वाटा, मग ड्राफ्ट लिहिणं किंवा नीट तपासून सुधारणं, फायनल मजकुराला संमती, आणि पुढे पेपरवर प्रश्न आला तर उत्तराची जबाबदारी. चारही पाहिजेत. नुसता फंड आणला, नुसती लॅब वापरायला दिली, विभागप्रमुख आहेत, एवढ्यावर नाव लागत नाही, त्यांचे आभार माना, तेही त्यांना विचारून. आणि याच नियमाची दुसरी बाजू लोक विसरतात, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याने पहिल्या अटीएवढं काम केलंय त्याला ड्राफ्टवर काम करायची संधी द्यायलाच हवी. लॅब असिस्टंटने सॅम्पलिंगची पद्धत बसवली, रीडिंग चुकीची का येतायत ते शोधलं, आणि त्याला ड्राफ्ट दाखवलाच नाही आणि वर म्हणायचं की त्याने लिहिण्यात भाग घेतला नाही, हा सरळ अन्याय आहे.

क्रमाचा प्रश्न आपल्याकडे जास्त तापतो कारण युजीसीच्या 2018 च्या नियमांत प्राध्यापकांच्या रिसर्च स्कोअरसाठी दोन लेखक असतील तर दोघांना 70-70 टक्के गुण, पण दोनपेक्षा जास्त झाले की पहिल्या, मुख्य किंवा कॉरस्पॉन्डिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला 70 आणि बाकी प्रत्येकाला 30. म्हणजे एका नावाची जागा बदलली तर कोणाच्या तरी प्रमोशनवर परिणाम होतो, हे उघड बोला, लाजू नका. मोठं काम असेल आणि विषय खरंच वेगळे निघत असतील तर दोन पेपर आधीच आखा, नायट्रेटचं मोजमाप एका मुलाचं, शेतीतल्या खतांशी संबंध दुसरीचा, मात्र एकाच डेटाचे उगाच तुकडे पाडू नका. टीममध्ये गणित किंवा अर्थशास्त्रवाले असतील तर त्यांनाही विचारा, त्यांच्याकडे बऱ्याचदा नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात.

कॉरस्पॉन्डिंग लेखक म्हणजे मान नाही, काम आहे. फॉर्म भरणं, रिव्ह्यूअरला उत्तरं देणं, दोन वर्षांनी कोणी डेटा मागितला तर तो देणं. पीएचडी संपली की बंद पडणारा कॉलेजचा ईमेल तिथे देऊ नका.

विद्यार्थ्यांना वाटतं की सरांकडे हा विषय काढायचा कसा. असं विचारून बघा, "सर, जर्नलला कोणी काय केलं ते द्यावं लागतं, तर ते टेबल आत्ताच भरून तुम्हाला मेल करू का?" यात कोणाचा अपमान नाही आणि लेखी पुरावाही तयार होतो.

लिहिताना फाईल एकच ठेवा, गुगल डॉक किंवा ओव्हरलीफ, प्रत्येक भागाला एक मालक आणि एक तारीख. तारीख चुकली तर काय, हेही त्याच शीटमध्ये टाका, म्हणजे पहिल्या लेखकाने ठरल्या मुदतीत ड्राफ्ट दिला नाही तर काम कोणाकडे जाईल आणि नावाचा क्रम बदलेल का. डेटा पूर्ण झाल्यावर आणि ड्राफ्ट झाल्यावर शीट परत उघडा कारण कामं बदलतात, मॅडमनी फक्त एक टेस्ट लावायची होती आणि शेवटी अख्खं ॲनालिसिस त्यांनीच केलं असं होतंच.

नावांची स्पेलिंग ज्याची त्याच्याकडूनच घ्या. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग वडिलांचं नाव, लग्नानंतर आडनाव बदललेलं, यात एकाच बाईचे पेपर दोन नावांखाली विखुरतात. प्रत्येकाचा 16 अंकी ऑर्किड (ORCID) नंबर घ्या, नाव बदललं तरी संशोधकाची ओळख त्यावरून पटते, आणि तो फुकट मिळतो. एआय टूल वापरलं असेल तर ते कुठे वापरलं ते जर्नल सांगेल तिथे लिहा, लेखक म्हणून त्याचं नाव लागत नाही कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही.

सबमिट करायच्या आधी प्रत्येकाकडून "फायनल ड्राफ्ट वाचला, मान्य आहे" असा वेगळा मेल घ्या, ग्रुपवरचा अंगठा पुरेसा धरू नका. सबमिशननंतर नाव वाढवायचं किंवा काढायचं झालं तर जर्नल सहसा कारण विचारतं आणि सगळ्यांची लेखी संमती मागतं, ज्याचं नाव काढताय त्याचीसुद्धा.