दाव्यात पाच जण, करारावर त्यातल्या दोघांच्याच सह्या

भागीदारीच्या भांडणाची फाइल आली की मी आधी दावा वाचत नाही. कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडते. डावीकडे दाव्यातलं प्रत्येक नाव, उजवीकडे लवादाचं कलम (म्हणजे भांडण कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी नेमलेल्या लवादाने, खासगी निवाडा करणाऱ्याने, सोडवायचं ही अट) असलेल्या करारावर त्याची सही आहे की नाही. नागपूरच्या दिवाणी कोर्टात १८ वर्षं काढली, अजून हाच कागद पहिला.

परवाचंच प्रकरण घ्या, ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय. गांधीबागेतली कापडाची पेढी, तीन भागीदार. एक वारला, म्हणून त्याची बायको आणि मुलगा प्रतिवादी. पाचवा माणूस पेढीचं नागपूरजवळच्या वाडी गावातलं गोदाम विकत घेणारा. वादीला पेढीचा हिशेब हवा आणि गोदामाचं खरेदीखतही रद्द करून हवं.

बायको-मुलाच्या सह्या नाहीत, तरी त्यांच्यापुढे मी 'चालेल' लिहिलं. लवाद कायद्याच्या कलम ४० प्रमाणे भागीदार गेला म्हणून लवादाचा करार मरत नाही, वारसांवरही लागू राहतो. अडलं ते गोदामवाल्यापाशी. सुकन्या होल्डिंग्ज खटल्यात २००३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दाव्याचे दोन तुकडे करून अर्धा लवादाकडे, अर्धा कोर्टात असं करता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्याचं कलम ८, म्हणजे करार असेल तर कोर्टाने दावा लवादाकडे पाठवायचं कलम, थोडं सैल झालं. २०२३ मध्ये घटनापीठानेही सही न केलेल्याला करार बांधू शकतो असं म्हटलं, पण करार ठरवताना किंवा राबवताना त्याचा स्वतःचा हात असेल तर. आपल्या गोदामवाल्याने भागीदारीपत्र पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता वेळेचं. कलम ८ चा अर्ज लेखी कैफियतीच्या (दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या उत्तराच्या) आधी किंवा फार तर तिच्याबरोबर द्यायचा, सोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी आधी सविस्तर कैफियत दिली आणि महिन्याने अर्ज. फेटाळला. सिनियर काही बोलले नाहीत, चहा मागवला, पण एकच कप. निशाणी ५ ला, म्हणजे मनाई अर्जाला, उत्तर दिल्याने मात्र हक्क जात नाही. तरी 'लवादाची हरकत राखून' हे शब्द पहिल्याच परिच्छेदात घाला. अर्ज फेटाळला तर कलम ३७ खाली अपील आहे.

दुसरी वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ ची, त्याखाली कोर्ट दावा लवाद किंवा मध्यस्थीकडे पाठवू शकतं. लवादासाठी तिथे आधीचा करार नसला तरी चालतो, पण पाचही जणांची संमती हवी. ॲफकॉन्स खटल्यात २०१० साली हे स्पष्ट झालं. एकानेही नाही म्हटलं तर कोर्ट लवादाकडे ढकलू शकत नाही. वकिलाने उभं राहून तोंडी 'हो' म्हणणंही पुरत नाही, पक्षकारांची लेखी संमती लागते. म्हणून मी संयुक्त पुरसीसवर (सगळ्यांनी मिळून कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर) प्रत्येकाची सही स्वतःच्या डोळ्यांदेखत घेते. पक्षकाराला एवढं आधीच सांगा: मध्यस्थी फसली तर दावा कोर्टात परत येतो, लवादाकडे गेलेला येत नाही.

गोदामवाल्याला दोनदा भेटले. 'माझं खरेदीखत चोख आहे, मी कशाला कोणाच्या घरच्या भांडणात पडू?' म्हणाला. त्याचंही चुकत नाही. पुरसीस टाइप करून फाइलला लावलीय, चार सह्या झाल्यात. पुढची तारीख मंगळवारची.