मे महिन्यात कन्व्हर्जन वाढलं तर आधी कंडेन्सर बघा

नागपुरात एमएस्सी करून नॅनो मेटल ऑक्साइड कॅटलिस्ट म्हणून वापरून हायड्रोकार्बनच्या ऑक्सिडेशनवर पीएचडी करायला आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, "पार्टिकल साइज किती आला की पेपर होतो?" अरे, हायड्रोकार्बन जाळायला काय, कोणीही जाळेल. सायक्लोहेक्झेनला सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोनपर्यंत नेऊन तिथेच अडवताना घाम फुटतो. तयार झालेला माल मूळ मालापेक्षा लवकर ऑक्सिडाइज होतो. म्हणून नायलॉनसाठी ही रसायनं बनवणारे कारखानेसुद्धा कन्व्हर्जन (मूळ माल किती टक्के बदलला ते) मुद्दाम 4-5 टक्क्यांच्या आसपासच ठेवतात. गाइडसमोर आधी सिलेक्टिव्हिटी ठेवा, म्हणजे बदललेल्या मालातला किती हवा तोच झाला ते.

मँगनीज तर आपल्या जिल्ह्यातलंच, मनसरला खाणी आहेत. त्याचा ऑक्साइड स्वतःच्या लॅटिसमधला (स्फटिकाच्या जाळीतला) ऑक्सिजन देतो आणि हवेतून परत भरून घेतो. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन यांनी 1954 मध्ये मांडलेली ही यंत्रणा व्हायव्हात हमखास विचारतात. मात्र टीबीएचपी (टर्ट-ब्युटिल हायड्रोपेरॉक्साइड, ऑक्सिजन पुरवणारं रसायन) घालून द्रवात केलेल्या रिअॅक्शनला ती सरसकट चिकटवू नका. तिथे बहुतेक वेळा फ्री रॅडिकल्सचा (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या चळवळ्या कणांचा) कारभार असतो. कॅटलिस्ट भाजायच्या मफल फर्नेसचं (बंद विद्युत भट्टीचं) तापमानही सांभाळा. 550 अंशांच्या पुढे मँगनीज डायऑक्साइडचं एमएन-टू-ओ-थ्री (मँगनीजचाच दुसरा ऑक्साइड) होतं, म्हणून एक्सआरडी (स्फटिक ओळखणारी एक्स-रे चाचणी) कॅल्सिनेशननंतरचंच, म्हणजे भाजल्यानंतरचंच हवं.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं आणि तेच वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरमधून फिरत असतं. सायक्लोहेक्झेन उकळतं 81 अंशांना. रात्रभर रिफ्लक्स (उकळून वाफ परत फ्लास्कमध्ये पाडणं) चालला की ते वरून गुपचूप उडून जातं. सकाळी जीसीवर (मिश्रणातले घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) त्याचा पीक बुटका दिसतो आणि मंडळी खूश, की कन्व्हर्जन वाढलं! चिलर नसेल तर बादलीत बर्फ टाकून छोटा पंप लावा. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेला, न बदलणारा पदार्थ) घालून कार्बन बॅलन्स, म्हणजे घातलेल्या आणि सापडलेल्या कार्बनचा ताळा काढा. प्रॉडक्ट तेवढेच आणि सायक्लोहेक्झेन कमी, म्हणजे ते हवेत गेलं.

कॅटलिस्टशिवाय नुसत्या टीबीएचपीची ब्लँक रन पहिल्या महिन्यातच करून ठेवा, रिव्ह्यूअर ती मागतोच. हॉट फिल्ट्रेशनही करा: रिअॅक्शन अर्ध्यावर असताना गरमच गाळून गाळलेलं द्रावण पुढे चालू ठेवायचं. रिअॅक्शन पुढे सरकत राहिली तर धातू सुटून द्रावणात गेल्याचा संशय घ्या. रॅडिकल साखळी एकदा सुरू झाली की कॅटलिस्टशिवायही चालते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावू नका. गाळलेल्या द्रावणाचं आयसीपीही (द्रावणातला धातू मोजणारी चाचणी) करून घ्या.