मॅग्नेटवाला लाकडी बॉटल ओपनर: बनवायचा कसा आणि विकायचा कसा

टपरीवर बघितलं असेल, कोल्ड्रिंकच्या फ्रिजला सुतळीने ओपनर बांधलेला असतो आणि खाली झाकणांचा सडा. मॅग्नेटवाला ओपनर म्हणजे भिंतीला लावायची लाकडी फळी, तिच्यावर स्क्रूने बसवलेला धातूचा ओपनर आणि फळीच्या आत मागून लपवलेला मॅग्नेट. त्याचं काम एवढंच, बाटली उघडली की झाकण जमिनीवर न पडता लाकडाला टक करून चिकटलं पाहिजे. फिनिशिंग कितीही भारी करा, झाकण पडलं की ते नुसतं फळकूट आहे, म्हणून मी इथे मॅग्नेटबद्दलच जास्त लिहिणार आहे.

लाकडासाठी नवीन फळी घेऊ नका. वखारीत किंवा फर्निचरवाल्याकडे सागाचे, शिसवीचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, पुण्यात असाल तर टिंबर मार्केटला एक चक्कर मारा. २० एमएम जाड, १० सेंटीमीटर रुंद, २५ लांब एवढा तुकडा पुरतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण त्याला कीड लवकर लागते, मी वापरत नाही. आणि लाकूड सुकलेलंच घ्या, पावसाळ्यात आणलेलं ओलं लाकूड पुढे पीळ खातं आणि तोपर्यंत ते गिऱ्हाईकाच्या भिंतीवर असतं.

मॅग्नेट निओडायमियमचाच पाहिजे, म्हणजे तो छोटा पण जबरदस्त ताकदीचा चकचकीत मॅग्नेट; स्पीकरमधला काळा मॅग्नेट लाकडातून झाकण तेवढं घट्ट धरत नाही. मी २० एमएम व्यासाच्या आणि ५ एमएम जाड अशा दोन चकत्या लावतो. या मॅग्नेटची ताकद अंतर वाढलं की झपकन कमी होते, म्हणून मागून भोक पाडताना पुढच्या बाजूला फक्त २ ते ३ एमएम लाकूड ठेवायचं. माझ्या पहिल्या लॉटमध्ये मी भीतीने ७-८ एमएम ठेवलं होतं, घरी एकेक झाकण कसंबसं चिकटायचं, पण प्रदर्शनात लोकांनी जोरात उघडल्यावर झाकणं सरळ खाली, १२ पीस परत घरी आणले.

भोकाला फोर्स्टनर बिट (ड्रिलला लावायचा, रुंद गोल भोक पाडणारा बिट) वापरा, तळ सपाट येतो. पण त्याच्या मध्ये जे टोक असतं ते कडेपेक्षा पुढे जातं आणि पुढच्या चांगल्या बाजूला बारीक भोक पडतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून ५ एमएम शिल्लक असतानाच बिट थांबवायचा, बिटला टेप लावून खूण करून ठेवा, आणि उरलेलं पटाशीने हळूहळू काढायचं. लाकूड उजेडासमोर धरत बसू नका, व्हर्नियरने (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) मोजा.

भोक नेमकं कुठे पाडायचं हे अंदाजाने ठरवू नका. आधी ओपनर लाकडावर तात्पुरता स्क्रूने बसवा, फळी भिंतीला घट्ट लावा, सोड्याच्या पाच-सहा बाटल्या उघडा आणि झाकण कुठून घसरत जातं तिथे पेन्सिलने खूण करा. माझ्या ओपनरला ही जागा साधारण ७ सेंटीमीटर खाली येते, तुमचा ओपनर वेगळा असेल तर जागाही वेगळी येईल.

चिकटवायला अराल्डाइट, फेविकॉल नको. सागात तेल असतं म्हणून भोक आधी थिनरने पुसून घ्या. दोन मॅग्नेट एकदम लावायला जाल तर ओल्या गममधून उडी मारून एकमेकांना चिकटतात, कडा फुटतात, बोट मध्ये आलं तर चांगलंच चिमटतं. एक लावा, रात्रभर सुकू द्या, मग दुसरा. मागच्या बाजूने लोखंडी वॉशर ठेवला तर पुढची पकड अजून वाढते. गम लवकर सुकावा म्हणून हीट गन मारू नका, साधा निओडायमियम ८० डिग्रीच्या वर ताकद गमावतो आणि ती थंड झाल्यावर परत येत नाही. आणि मॅग्नेटला ड्रिल अजिबात मारायचं नाही, त्याचा भुसा पेट घेतो.

ओपनरला पितळी स्क्रू छान दिसतात पण सागात मुंडकं तुटून हातात येतं. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळीला साबण चोळून बसवा. पॉलिश पेपर ८० पासून ३२० पर्यंत, वर जवसाच्या तेलाचे दोन हात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, उघडी पसरून सुकवा.

तयार पीसवर माझी टेस्ट अशी की १५ झाकणं एका जागी चिकटून राहिली पाहिजेत. नाही राहिली तर तो पीस विकायचा नाही.

आता विक्री. किंमत काढताना नुसता माल धरू नका. माझा हिशोब असा येतो: लाकूड ६०, ओपनर ७०, दोन मॅग्नेट ८०, गम-तेल-स्क्रू ४०, खोका ३०, म्हणजे २८० रुपये, आणि हातातला दीड तास वेगळा. मी ६५० ला देतो. ४०० ला द्या म्हणणारे येतात, त्यांना हसून नाही म्हणायचं.

सगळ्यात जास्त खप नाव कोरलेल्या पीसचा, वास्तुशांतीला आणि लग्नात द्यायला लोक घेतात. ट्रॉफीच्या दुकानात लेझरने कोरून देतात, फक्त मराठी नाव पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषांचा आकार करून, फाइल पाठवा, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षर तुटतं आणि लाकूड वाया जातं. कोल्ड्रिंक कंपन्यांचे लोगो कोणी कितीही सांगितलं तरी कोरू नका, तो ट्रेडमार्क आहे.

स्टॉलवर सोड्याचा एक क्रेट ठेवा आणि गिऱ्हाईकाच्या हातात बाटली द्या. स्वतः उघडून ते झाकण चिकटलेलं बघितलं की माणूस घासाघीस कमी करतो. रीलसाठी पण हाच शॉट, गाणं लावू नका, तो टक आवाज ऐकू येऊ द्या.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. कुरिअर करताना मॅग्नेट आहे हे आधी सांगा, विमानाने जाणाऱ्या पार्सलला मॅग्नेटचे नियम आहेत. खोक्यात दोन स्क्रू, भिंतीच्या भोकात स्क्रू पकडून ठेवणाऱ्या दोन गिट्ट्या आणि एक चिठ्ठी टाका, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा की मॅग्नेट कधी सुटून बाहेर आला तर लहान मुलांपासून लांब ठेवा, दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याला इजा होते, लगेच दवाखान्यात न्या, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने मॅग्नेट छातीजवळ धरायचा नाही.